चव बघणं खाण्यात धरत नाहीत

सोलापुरात तुम्हाला हार्टचं काही निघालं तर लोक डबा घेऊन भेटायला येतात. किडनीचं निघालं तर आवाज खाली आणून बोलतात. पित्त झालं म्हणून सांगून बघा. समोरचा माणूस हसतो आणि स्वतःचं पित्त सांगायला लागतो. माझी दोन नवी फुप्फुसं पित्तापायी जायची वेळ आली होती, हे मी कुणाला सांगितलं की त्यांना वाटतं, बाई ऑपरेशननंतर जरा वाहवत चाललीय. पोटातलं छातीत कसं जाईल, पोट खाली असतं आणि छाती वर, असं आमच्या शेजारीणबाई मला हातवारे करून समजावतात. त्यांचं बारावी सायन्स झालेलं आहे.

आमचा धंदा शेंगाचटणीचा. सासूबाईंनी तो उखळावर सुरू केला, मी कांडप यंत्रावर वाढवला. भाजलेले शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ. याच्यापलीकडे तिच्यात काही नसतं, आणि काही गुपित असतं असं जे सांगतात ते थापा मारतात. सगळं आहे ते प्रमाणात आणि कांडण्यात. दाण्याला तेल सुटलं की थांबायचं. पुढे गेलात तर चिखल, आधी थांबलात तर भुसा. हे थांबायचं कधी आणि मीठ किती, हे ठरवते ती चव बघणारी, आणि आमच्या घरात तो मान एकाच बाईचा. सासूबाई होत्या तोवर त्यांचा, नंतर माझा. सून मैंदर्गीची. तिला येऊन बारा वर्षं झाली. भाजणं दिलं, पॅकिंग दिलं, दुकानाच्या किल्ल्या दिल्या, चव दिली नाही. ती माहेरी फोनवर कन्नडमध्ये बोलते, आणि कन्नड बोलणाऱ्यांची जीभ मिठाला हलकी असते, असं माझं शास्त्र होतं. ते मी कुठून काढलं हे मला विचारू नका.

चव बघायची रीत अशी. चिमूटभर चटणी तळहातावर घ्यायची, जिभेवर टाकायची, डोळे मिटायचे, टाळ्याला लावून थांबायचं आणि गिळायची. थुंकायची नाही, ते अन्न आहे. एका घाण्याला दोनदा, कधी तीनदा. दिवसाला चारपाच घाणे. आणि हे सगळं खाण्यात धरत नाहीत. चतुर्थीला, श्रावणी सोमवारी, एकादशीला मी दिवसभर पाण्यावर राहिले आणि चटणी चाखत राहिले. सासूबाईंनीही तेच केलं. दोघींपैकी एकीचाही उपवास कधी मोडला नाही. जे देवाला चालत होतं ते डॉक्टरला चालणार नाही, असं मनात यायचं काही कारणच नव्हतं.

माझी स्वतःची फुप्फुसं पन्नाशीनंतर आतून कडक व्हायला लागली. गल्लीनं लगेच निकाल दिला, मिरचीचा खकाणा भोवला. डॉक्टर म्हणाले, कारण सांगता येत नाही. शेवटचं दीड वर्ष मी ऑक्सिजनच्या नळीला बांधलेली होते. न्हाणीघरापर्यंत जायचं म्हणजे गावाला निघाल्यासारखी तयारी करायला लागायची. मग पुण्याच्या हॉस्पिटलात नाव लावलं, वाट पाहिली, आणि एका सकाळी फोन आला. कुणाचं तरी माणूस गेलं होतं आणि त्याच्या घरच्यांनी, रडायचं सोडून, होय म्हटलं होतं. कोण ते सांगत नाहीत. शुद्धीवर आल्यावर मी पहिला श्वास घेतला तो इतका खोल गेला की मला भीतीच वाटली. माझ्यात एवढी जागा आहे हे मी विसरून गेले होते.

घरी आले ती नियमांचं बाड घेऊन. मास्क. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठच्या गोळ्या, ज्या एक मिनिट इकडेतिकडे झाल्या की माझा मुलगा घड्याळासारखा वाजतो. धूळ नको, गर्दी नको, शेंगदाण्याची पोती ठेवतात तिथं तर पाऊल नको, कारण पोत्यात बुरशी असते. डाळिंब नको. आमच्या जिल्ह्यात जिकडं बघाल तिकडं डाळिंब, भेटायला येणारा प्रत्येक जण पेटी घेऊन येतो, आणि माझ्या गोळ्यांना नेमकं तेच चालत नाही. मी पेट्या शेजारी वाटत सुटले. गल्लीतली पोरं लालबुंद झाली.

त्या बाडात पोटाचंही एक पान होतं. थोडं थोडं खा, संध्याकाळी लवकर आणि हलकं जेवा, जेवल्यावर तीन तास आडवं होऊ नका, खाटेची डोक्याकडची बाजू उंच करा. मुलानं पायाखाली विटा लावल्या. शेजारीणबाईंना वाटलं वास्तुदोष काढलाय, त्यांनीही आपल्या खाटेला लावल्या. ते पान मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. छाती कापून उघडणाऱ्या माणसांनी मी किती वाजता जेवते याची चौकशी करावी, हे मला त्यांच्या पायरीला शोभलं नाही.

कांडपाच्या खोलीत मला बंदी. मग मी पडवीत खुर्ची टाकली. आत बायका कांडणार, एक जण स्टीलच्या वाटीत चटणी आणून देणार, मी मास्क खाली करून चाखणार आणि तिथूनच हुकूम सोडणार. मीठ कमी. आणखी दहा कांड द्या. तिखट वाढवा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण खरं सांगते, ती वाटी हा माझा दिवस होता. बाकी सगळं माझ्यासाठी दुसरे करत होते. पाणी उकळून देत होते, भांडी वाफवून देत होते, मला हाताला धरून चालवत होते. ती वाटी गेली असती तर मी नुसती वाचवलेली बाई उरले असते, आणि तशी उरायची मला लाज वाटत होती.

त्याच सुमारास मिरचीतला दम गेला. मिठातलाही गेला. मी व्यापाऱ्याला फोनवर झापलं, पोती बदलून घ्यायला लावली, हल्लीच्या बियाण्याला शिव्या दिल्या. पहिली वाटी आली की मला ती गवतासारखी लागायची. मी परत पाठवायचे. दुसरी यायची, जरा बरी. तिसरीला कुठं जीभ हलायची. दुपारचं जेवण, मग वाट्या, मग पाठ टेकायला खाटेवर. कधी घशाशी आंबट यायचं. त्यात काय, उन्हाळा होता. सोलापुरात ऊन लागलं म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

मला रोज सकाळी एका यंत्रात फुंकायचं असतं. जोरात श्वास सोडायचा, मग किती हवा बाहेर पडली त्याचा आकडा दिसतो, मुलगा तो वहीत लिहितो. वर्षभर आकडा दोन लिटरच्या वर होता. मग दोन झाला. मग दोनच्या खाली. मुलानं आधी बॅटरी बदलली. मग यंत्र बदललं. मग तो मला म्हणाला, "आई, तू नीट फुंकत नाहीयेस." मी म्हणाले, "तू फुंकून दाखव." त्यानं फुंकलं, त्याचा चार आला. आम्हा सगळ्यांना तो एक शब्द ठाऊक होता, रिजेक्शन. शरीर परक्या अवयवाला ओळखतं आणि बाहेर काढायला निघतं. आधीच्या वेळी मी मेले असते तर ते माझंच मरण होतं. आता माझ्या छातीत दुसऱ्याच्या घरानं दिलेली वस्तू होती आणि ती माझ्या हातून जाणार होती.

पुण्याला गेलो. तपासण्या झाल्या, घशातून नळी घालून फुप्फुसाचा बारीक तुकडा काढला. पुण्याच्या डॉक्टर माझ्या सुनेच्या वयाच्या. म्हणाल्या, जोराचं रिजेक्शन दिसत नाही, पण आतून काहीतरी हळूहळू बिघडवतंय. मग विचारलं, "जळजळ होते का? आंबट वर येतं का? तिखट, तेलकट खाता का?"

मी म्हणाले, "नाही."

मी खोटं बोलत नव्हते. आंबट सगळ्यांनाच येतं. तिखटाचं म्हणाल तर जेवणात मी वरण, भात आणि मऊ भाकरी याच्यापुढं गेले नव्हते. मुलगा शेजारी बसून होय होय करत होता, सगळं घर तसंच होय होय म्हणालं असतं. त्या डॉक्टरांनी सोलापुरातल्या एका पोटाच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली.

त्यांनी माझ्या नाकातून एक बारीक वायर अन्ननलिकेत सोडली आणि कमरेला डबी लावली. चोवीस तास ती ठेवायची. डबीला तीन बटनं. खायला बसलात की एक दाबायचं, आडवं झालात की दुसरं, जळजळलं की तिसरं. म्हणाले, "मावशी, बाकी रोज जसं वागता तसंच वागायचं. काही लपवायचं न्हाय."

मी अगदी तसंच वागले. नाकात वायर घेऊन पडवीत बसले. रिकामटेकडे दोघं तिघं बघून गेले. सकाळी न्याहारीला बटन दाबलं. दुपारी जेवताना दाबलं. संध्याकाळी भाताला दाबलं. मी इतकी प्रामाणिकपणे बटनं दाबली की मला माझंच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पडदा माझ्याकडं फिरवला. एक रेघ होती, सरळ चालता चालता मधेच खड्ड्यात पडणारी. ते म्हणाले, "ही खाली आली की समजायचं, पोटातलं वर आलंय. आता हे बघा, दुपारी दोन ते पाच. खाण्याचं बटन एकदाबी न्हाय. आडवं झाल्याचंबी न्हाय. आन रेघ बघा की कशी नाचायलीय. काय खात होता?"

"काही नाही."

"मग हे काय हाय?"

"चव बघत होते चटणीची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या घरी आमचीच चटणी जाते. "किती वेळा?"

मी बोटं मोजायला लागले. एक हात संपला, दुसरा सुरू केला, तेव्हा त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं आणि मी हात पदराखाली घेतला.

"आन गिळत होता?"

"मग काय थुंकू?"

"आन हितं रेघ वर यायलाच तयार न्हाय. मग झोपला होता ते?"

"झोपले कुठं, जरा पाठ टेकली."

माझा मुलगा शेजारी बसलेला. जन्मापासून चटणीच्या घरात वाढलेला माणूस, तो डॉक्टरांना म्हणाला, "सर, चव बघणं आमच्यात खाण्यात धरत नाहीत." एवढ्या गंभीरपणे म्हणाला की डॉक्टरांना हसू आवरेना. मला मुलाचा अभिमान वाटला आणि लगेच त्याच्या डोक्यात टपली मारावीशी वाटली.

हसून झाल्यावर त्यांनी कागदावर चित्र काढलं. ऑपरेशनमध्ये पोटाकडं जाणारी नस दुखावते, पोट आळशी होतं. त्यात शेंगदाण्याचं तेल पडलं की ते आणखी रेंगाळतं. भरलेलं पोट आडवं झालं की आतलं पाणी वर येतं, घशापर्यंत, आणि एखादा थेंब श्वासनलिकेत उतरतो. मी म्हणाले, मग ठसका लागेल की. ते म्हणाले, "तुमच्या जुन्या फुप्फुसाला लागला आसता. नव्याच्या नसा कापलेल्या आसतात, मावशी. त्याला थेंब पडलेला कळत न्हाय. खोकत न्हाय, तक्रार करत न्हाय. नुसतं पोळत राहतं. पोळलं की आंग त्याच्याकडं बघायला लागतं, आन बघितलं की त्याला वळखतं, हे आपलं न्हाय म्हणून."

मी गॅसच्या गोळ्या घेत होते, ते सांगितलं. म्हणाले, गोळीनं आंबटपणा मरतो, पाणी वर यायचं थांबत नाही.

रिक्षात मी रडले. मुलाला वाटलं रिजेक्शनला भ्याले. मला त्या मुक्या फुप्फुसांचं वाईट वाटत होतं. परक्या घरात दिलेल्या पोरीसारखी ती गप सोसत होती, आणि मी वर बसून आणखी तिखट मागत होते.

पुण्याला दुसरं ऑपरेशन झालं. पोटाच्या वरच्या टोकाची अन्ननलिकेभोवती मुरड घालतात, करंजीला घालतो तशी, म्हणजे आतलं वर येत नाही. त्यानं ढेकरही येत नाही. सोलापूरच्या बाईला जेवल्यावर ढेकर न येणं म्हणजे यजमानाचा अपमान. माझं लग्नाकार्याला जाणं तसंही बंदच होतं, म्हणून निभावलं. चटणी बंद. वाटी बंद. चव बघायचं काम सुनेकडं गेलं.

आता माझा खरा स्वभाव सांगते. मी पडवीत बसून गिऱ्हाइकांच्या तक्रारींची वाट पाहायला लागले. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. मी जपमाळ घेऊन बसल्यासारखी बसत होते, कान दुकानाकडं. एकही तक्रार नाही. मंगळवेढ्याचे एक गुरुजी दर महिन्याला एस्टीनं येऊन चटणी नेतात, जिभेचे फार चोखंदळ. त्यांना मीच हाक मारून विचारलं, "गुरुजी, चवीत काही फरक पडलाय का हो? अगदी स्पष्ट सांगा."

"न्हाय की," ते म्हणाले. "हाय तशीच हाय. तुमचा हात कधी बदलला न्हाय बगा."

मला झोंबलं. हात माझा नव्हताच. सून कितीही हुशार असली तरी दोन जिभांमध्ये काहीतरी फरक पडणारच. तिनं माझं प्रमाण इतकं बेमालूम कसं उचललं? मी आत आवाज दिला. कांडणारी जुनी बाई बाहेर आली, मी तिला उभंआडवं विचारलं. ती म्हणाली, "अक्का, रागवू नगा. बदलायला काय हाय त्यात? तुमी सांगितलेलं मीठ आमी दीड वरीस घातलंच न्हाय."

नव्या गोळ्यांनी माझी जीभ गेली होती. हे घरात सगळ्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं, मला सोडून. पहिली वाटी यायची ती बरोबर असायची. मी मीठ कमी म्हटलं की बायका आत जाऊन फक्त वाटीत मीठ घालायच्या. तिखट वाढवा म्हटलं की वाटीतच वाढवायच्या. घाणा सून आधीच चाखून ठरवत होती. तिसरी वाटी, जी मला कुठं खरी चटणी वाटायची, ती जगात फक्त माझ्यासाठी बनत होती. पोटात जाऊन, वर येऊन, फुप्फुसाला पोळायला.

मी सुनेला बोलावलं. ती दारात उभी राहिली, हाताला तिखट लागलेलं.

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू, आत्या?" ती म्हणाली. "तुमच्या हातात तेवढंच ऱ्हायलं होतं की. ते कसं काढून घेऊ?"

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. मी दोन्ही केलं नाही. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. आकडा पावणेदोनवर थांबला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही, आता आहे ते राखायचं. म्हणजे हा घाटा कायमचा. तिनं माझा मान राखला, मी माझी खुर्ची राखली, आणि दोघींच्या मधे पाव लिटर श्वास गेला. दिलेल्या माणसाच्या घरचे समोर उभे राहिले असते तर मी त्यांना काय सांगणार होते, की आमच्यात चव बघणं खाण्यात धरत नाहीत?

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तिला हाक मारली. म्हणाले, "हे बघ. यापुढं माझं चुकलं तर तोंडावर सांगायचं. मान ठेवायचा नाही, माया करायची नाही. मेलेल्या माणसाची वस्तू आहे माझ्यात."

"खरंच सांगू?" तिनं विचारलं.

"सांग म्हणते ना."

"मग उठून बसा," ती म्हणाली. "जेवून अर्धा तासबी झाला न्हाय आन तुमी आडव्या पडलाय. कालबी पडला होता. परवाबी. उठा म्हणते."

या घरात मला आजवर कुणी 'उठा' म्हणालं नव्हतं. तोंडाशी चांगली सणसणीत शिवी आली होती, ती गिळली आणि उठून बसले.